सातवं राज्य

२० नोव्हेंबर १७८६, न्यूयॉर्क

आजही सभा भरली नाही! इंग्रजांच्या राजाला हाकलून दिलं, आता आपला कारभार आपण करायचा, तर कारभाराला माणसंच नाहीत. राज्यं तेरा. सभा भरायला निदान सात हवीत, आणि प्रत्येकाची दोन माणसं हजर हवीत. एकच आला तर ते राज्य आलंच नाही, असा कायदा. हा कुणी शोधून काढला त्याच्या डोक्याला तेल लावायला हवं.

सहा राज्यं कधीची येऊन बसलीत. सातवं माझ्या माडीवर उशीवर पाय टाकून कण्हतंय. मिस्टर पेनिवेल! माझे भाडेकरू. वाताने पायाचा अंगठा सलगमाएवढा सुजलाय. त्यांच्या राज्याचा दुसरा माणूस, त्यांचा जोडीदार, रोज सभेला जातो. तिथे त्याला कुणी मोजत नाही, माझ्या टेबलावर मात्र दोन माणसांचं जेवतो.

२२ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. मांस बंद, वाइन बंद, नुसती बार्लीची पेज. मिस्टर पेनिवेलनी लहान मुलासारखं तोंड केलं. मी ऐकते होय! वाडगा संपेपर्यंत उभी राहिले. सध्या हे राष्ट्र माझ्या पेजेवर चाललंय.

४ डिसेंबर

अंगठा उतरलाय. आठवड्याभरात चालतील म्हणे. खुशीत येऊन गप्पा मारत होते. सभा भरली की पहिला कागद फाशीचा. ओहायो नदीकाठच्या किल्ल्यातून एक शिपाई पळाला, पकडला, फाशी सुनावली. पण लढाई नसताना सभेच्या होकाराशिवाय फास देता येत नाही, म्हणून कोठडीत ठेवलाय.

"एव्हर्ट की काय नाव. पायात बूट नव्हते म्हणून घरी निघाला होता म्हणे."

माझा एव्हर्ट. माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर मी वाढवलेला, गेल्या वर्षी त्याच किल्ल्यावर शिपाई म्हणून गेलेला.

हे त्यांना सांगितलं नाही. पळपुट्याची बहीण म्हटल्यावर माझ्या घरात राहील कोण? एवढंच विचारलं, सभेचा कल काय? तर म्हणाले, ते गुप्त असतं, बाई, आम्ही शपथ घेतलीय. वा! करत काही नाहीत, आणि तेही गुप्त. शिपायाला बूट द्यायचे तर तेरा राज्यं एकमेकांकडे बोट दाखवतात. फास तेवढा तयार.

५ डिसेंबर

हॅम. कालवं. पोर्ट वाइन, दोन पेले. डॉक्टरांना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं.

११ डिसेंबर

अंगठा पुन्हा लाल. डॉक्टर चक्रावलेत. देवा, मला माफ कर. नाही केलंस तरी चालेल.

१९ डिसेंबर

बाहेर गुडघाभर बर्फ. हंस भाजला, आत काळीज भरून. मिस्टर पेनिवेलनी दोनदा मागून घेतलं. "तुमच्या हाताला चव आहे, बाई," म्हणाले आणि लगेच पाय धरून विव्हळले. वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण सभा भरली नाही! एव्हर्टला आणखी एक दिवस मिळाला. ज्याने तो दोन माणसांचा कायदा केला त्याचं देव भलं करो. इतकं निकामी सरकार दुसऱ्या कुठल्या देशाला मिळालंय?

२ जानेवारी १७८७

अजून सहाच.

१७ जानेवारी

सकाळी सभेकडून चौघे आले आणि मिस्टर पेनिवेलना खुर्चीसकट उचलून घेऊन गेले. मी मटण भरून भाजलेली पोळी घेऊन दारापर्यंत धावले. जोडीदाराने ती काढून घेतली, आणि वाटेत खाल्लीही असेल. दिवसभर मी स्वयंपाकघरात बसून होते. चूल विझली तरी कळलं नाही.

संध्याकाळी मिस्टर पेनिवेल हसतच परत आले. "पहिलाच कागद उरकला. त्या पळपुट्याला सोडून दिलं. सभेच्या समितीने नोव्हेंबरातच लिहून ठेवलं होतं, की पोरगं अनवाणी होतं, सोडा म्हणून. आमच्या राज्यापायी अडलं होतं."

मी जमिनीवरच बसले आणि रडले. मग सगळं सांगितलं, कोण तो ते. हॅमचं नाही सांगितलं.

"आधी सांगायचंत ना, बाई. मी रांगत गेलो असतो."

सुटला! सुटला माझा एव्हर्ट! आता येईल. उद्या चांभाराकडे जाऊन बूट करायला टाकते. माप मला पाठ आहे.

१२ फेब्रुवारी

किल्ल्यावरून पत्र आलं. सुटकेचा कागद पोचायच्या कितीतरी आधीच एव्हर्ट कोठडीत थंडीने गेला. १९ डिसेंबरला.

मागचं पान उघडून बघितलं. त्या दिवशी मी हंस भाजला होता.