चामखिळीचे औषध

संत कोमन यांचा मठ,
बेल्टेनचा सण उलटून नववा दिवस

प्रिय मुइरेनताई,

तुला आणि तुझ्या तटाच्या आत राहणाऱ्या सर्वांना देवाची शांती लाभो. इकडे सर्व ठीक आहे. पांढऱ्या गायीला कालवड झाली. स्तोत्रांची माझी प्रत अर्ध्यावर आली आहे. यंदा शाई फिकी उतरली म्हणून मठाच्या आई माझ्यावर रुष्ट आहेत, इतकेच. तू पाठवलेला लोकरी झगा लांब होतो, तरी मी तो दुमडून घालते. एकाच घरी पालनाला ठेवलेल्या आपण दोघी. तुझे कपडे मला नेहमी लांबच झाले.

संतांच्या उत्सवाला महाराज येऊन गेले, हे तुला ठाऊक असेलच. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. जेवताना त्यांनी दूध पेल्यात न ओतता पेल्याशेजारी ओतले.

"महाराज, तहान पेल्याला लागलीय, फळीला नाही," आई म्हणाल्या.

"एक डोळा अजून शाबूत आहे, आई. त्याला तरी टोमणे मारू नका," असे म्हणून महाराज हसले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "येत्या रविवारी सभा आहे. तोवर दिसायला लागलं नाही, तर गादी सोडावी लागेल. व्यंग असलेला राजा कोण ठेवून घेतो? डोळा आला होता, त्यावर त्या म्हाताऱ्या वैदीण एथ्नेच्या लेपानं घात केला. मुइरेन राणी बिचारी रोज स्वतःच्या हातानं लावत होती हो."

मी भाकरी वाढत होते. पुढचे वाढणे मला जमले नाही.

एथ्नेला साखळदंड घातले आहेत, आणि सभेच्या दिवशी तिला वल्ह्यांवाचून होडीत बसवून भर समुद्रात सोडणार आहेत, असे ऐकले. आपल्या दोघींच्या तापात उशाशी बसणारी हीच ती एथ्ने. तिच्या लेपाने आजवर कोणाचा डोळा गेल्याचे मी ऐकलेले नाही. तू ऐकले आहेस का?

आता एक क्षुल्लक गोष्ट विचारते. उपवासाच्या चाळीस दिवसांत तू मला लिहिले होतेस की, दूधघरातल्या ब्लाथच्या हातांना चामखिळी झाल्या आहेत, मठाच्या वनस्पतिग्रंथातून औषध उतरवून पाठव. महाराजांबरोबर ब्लाथही आली होती. चामखिळी गेल्या का, असे मी तिला सहज विचारले.

"चामखिळी? मला?" ती खो खो हसली. "अगं बाई, लोणी काढणाऱ्या हाताला चामखीळ असती, तर राणीसाहेबांनी मला दारात तरी उभं केलं असतं का? बघ ना, कसे लोण्यासारखे हात आहेत!"

तिचे हात मी पालथे करून पाहिले. एक डागसुद्धा नव्हता.

तो ग्रंथ मी पुन्हा उघडला. चामखिळीवर ज्या रोपाचा चीक लावावा, त्याच्याविषयी तिथे एकच ओळ आहे. त्या ओळीखाली, पानाच्या अगदी कडेला, कोणा जुन्या लेखकाने बारीक अक्षरात एक इशारा लिहून ठेवला आहे: हा चीक डोळ्याला लागू देऊ नये, दृष्टी जाते. घाईत उतरवणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटला असता.

ताई, माझ्या नजरेतून तो निसटला नाही. तुझ्यासाठी मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला. इतकेच नव्हे, तर तू माझ्या काटेकोरपणाचे कौतुक करशील म्हणून त्याखाली रेघही ओढली.

महाराज सुगीनंतर शेजारच्या राजाची मुलगी दुसरी पत्नी म्हणून आणणार आहेत, हेही मला कळले आहे. त्याआधी गादी रिकामी झाली, तर तुझा फिअखना वयात आलेला आहे. आईने लेकासाठी काय करू नये? हे मी समजू शकते. माझ्या हस्ताक्षराचा उपयोग कशासाठी झाला, हे मात्र समजून घ्यायला मला धीर होत नाही. माझा संशय खोटा असेल तर तसे सांग. सर्वांदेखत मी तुझे पाय धरीन. तसा तो खोटा निघावा, हीच प्रार्थना मी काल दिवसभर केली आणि प्रत्येक वेळी ब्लाथचे हात डोळ्यांसमोर आले.

इथवर मजकूर मी मठात लिहिला. त्यानंतर आईंना सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी तिला बोलू दे, पोरी. ती नाही बोलली, तर सभेत तू बोल. घाबरशील, माहीत आहे मला. घाबरत घाबरत बोल."

म्हणून उरलेले हे चार शब्द मी तुझ्याच तटाबाहेर, दाराशेजारच्या दगडावर बसून लिहिते आहे. द्वारपाल मला आत यायला सांगत होता. मी आले नाही. त्याने दही-भाकरी आणून ठेवली, तीही परत पाठवली. उत्तर मिळेपर्यंत कोणाच्या दाराशी असे उपाशी का बसतात, हे तुला सांगायला नको. दाराशी उपाशी बसलेल्याला उत्तर न देता आत जेवणाऱ्याच्या शब्दाला पुढे कोणी किंमत देत नाही, हेही तुला माझ्याइतकेच ठाऊक आहे. रविवारला अजून तीन दिवस आहेत. एथ्नेकडे तेवढेच आहेत.

तू बाहेर येऊन खरे बोललीस, तर तुझ्या शेजारी उभी राहून माझा वाटा मी स्वतः सांगेन. औषध मी पाठवले. रेघही मीच ओढली.

तुझ्या उत्तरापर्यंत अन्नाला न शिवणारी,
तुझी धाकटी,
लासर