प्रेक्षक सहभाग : दहापैकी दहा

४ फेब्रुवारी
विषय ठरला — घरातली मारहाण. आमच्या ग्रुपचा म्होरक्या (सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात) म्हणाला, "व्यसनाचा विषय मागच्या वर्षीच्यांनी चावून चोथा केलाय. प्लास्टिकमध्ये दम नाही. बायकांच्या विषयात लोक रडतात. रडले की मार्क!" मॅडमनी मान डोलावली. पथनाट्य करायचं, तेही कॉलेजच्या हॉलमध्ये, परीक्षकांसमोर. रस्त्यावर ऊन लागतं ना!

ताई सासरहून आलीये, तिच्या डाव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. हे या पोरांना कशाला सांगू?

७ फेब्रुवारी
मला शेजारणीचं काम. एकही वाक्य नाही. "तुझा चेहरा आयताच मख्ख आहे," इति कॅप्टन. थप्पड मारायची तालीम झाली. आवाज टाळीचा. पोरं हसून हसून लोळली.

११ फेब्रुवारी
बाबा ताईशी बोलत नाहीत. ती समोर असताना तिच्याबद्दल आईशी बोलतात. "जावयांचा फोन होता. चूक कबूल करतायत. संसारात भांड्याला भांडं लागतंच."

ताई म्हणाली, "भांडं नाही लागलं, बाबा. कानावर इस्त्री लागली."

बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले. आई ओटा पुसत राहिली. स्वच्छ ओटा, पुन्हा पुन्हा.

१२ फेब्रुवारी
कहर! प्रमुख पाहुणे कोण, तर माझे बाबा! मुख्याध्यापक आहेत, बोलतात छान. मी कॅप्टनला म्हटलं, दुसरं कोणी बघ. "लाजतेस होय!" म्हणाला. संध्याकाळी बाबा आरशापुढे भाषण घोकत होते.

१५ फेब्रुवारी
निर्णय झाला. सोमवारी ताईने परत जायचं. आई तिला सोडून येणार. मी भांड भांड भांडले. बाबा म्हणाले, "नाटकं कॉलेजात कर."

१७ फेब्रुवारी, शनिवार
बाबांचं भाषण ऐकायला आई आणि ताईही आल्या होत्या.

नाटक बरं झालं. शेवटी कॅप्टन पुढे येऊन ओरडतो, "आहे का इथे अशी एखादी? असेल तर ऊठ, बाई, ऊठ!" यावर लगेच संगीत सुरू व्हायचं होतं.

ताई उठली. आईच्या शेजारून.

"मी आहे," म्हणाली. "मला सोमवारी परत पाठवतायत."

कॅप्टनने घाईघाईने खूण केली, संगीत सुरू, टाळ्यांचा कडकडाट. बाबांनीसुद्धा वाजवल्या! सगळे वाजवत होते ना. मग उठून भाषण — "मुलीसाठी बापाचं दार कधीही बंद होता कामा नये." आवाजही भरून आला, नेमक्या जागी. पुन्हा टाळ्या.

परीक्षक म्हणाले, "प्रेक्षकांत नटी बसवायची कल्पना अफलातून! प्रेक्षक सहभाग — दहापैकी दहा."

कॅप्टन म्हणाला, "थँक्यू सर, पहिल्यापासून डोक्यात होतं."

शेवटी मला वाचा फुटली. "सर, ती नटी नाही. माझी सख्खी बहीण आहे. खरं बोलली ती."

परीक्षक हसले. "वा! म्हणजे घरातलेच कलाकार!"

पहिला नंबर आमचा. फोटोत बाबा मधोमध. घरी आल्यावर ताईला एवढंच म्हणाले, "चारचौघांत शोभलं नाही."

१८ फेब्रुवारी
ताईची बॅग आईने भरली. तोंडातून चकार शब्द नाही. आज मला बाबांपेक्षा आईचा जास्त राग आला.

१९ फेब्रुवारी
आईचा फोन. "आम्ही तिच्या सासरी गेलोच नाही. पोलिसांत तक्रार दिली. खोली घेतलीये, तिघींना पुरेल. बाबांना मी सांगते. तू तुझी पुस्तकं तेवढी आण."