अकरा हेक्टर ‘मोकळी’ जागा

१ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : कांदळवन वाचवायचं. खाडी रत्नागिरीकडची, आमच्या न्यासाचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत, आमच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत. बँकेत चौतीस वर्षं लोकांचे अर्ज नाकारले. अर्ज मंजूर कसा करून घ्यायचा, हे माझ्याहून जास्त कुणाला कळणार?

गावच्या सुंदराबाईंची मागणी साधी आहे. दोन राखणदारांचा पगार आणि होडीचं डिझेल. चोरटी तोड चालते. कांदळ गेलं की उधाणाचं खारं पाणी थेट त्यांच्या भातात. वर्षाला तीन लाख लागतील. मार्चपर्यंत आणतो म्हणालो. सौ. विजयमाला म्हणाली, अहो, कुठल्या वर्षीचा मार्च तेही लिहून ठेवा.

१९ जानेवारी
निधीचे चार स्रोत निश्चित. सरकारी योजना, परदेशी संस्था, कार्बन क्रेडिट (झाडं कार्बन शोषतात त्याचे पैसे), कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्याचा निधी. चार रंगांत तक्ता केला. दिवस सत्कारणी.

११ फेब्रुवारी
परदेशी बाद. परदेशी देणगीच्या परवान्याला तीन वर्षांचे हिशेब लागतात, आमचा न्यास सात महिन्यांचा. कार्बनवाले म्हणाले, हजार हेक्टर असतील तर बोला. आमचे अकरा. सरकारी फाईल साहेबांच्या टेबलावर, साहेब ट्रेनिंगला. म्हणजे अजून दोन स्रोत शाबूत. पन्नास टक्के! बँकेत एवढ्यावर पार्टी दिली असती.

२७ फेब्रुवारी
सुंदराबाईंचा फोन. एक राखणदार गवंड्याच्या हाताखाली गेला. दुसरा, साईनाथ, बिनपगारी थांबलाय, पण किती दिवस, असं विचारत होत्या. धीर दिला. ह्या लोकांना प्रोसेस कळत नाही.

१२ मार्च
बाणेरच्या कंपनीत मीटिंग. सीएसआरच्या सलोनी मॅडम हुशार. म्हणाल्या, राखण फोटोत दिसत नाही. जंगल आधीपासूनच उभं आहे, मग त्यात आमचं काय? नवी लागवड दाखवा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. जागा मात्र मोकळी हवी.

तिथेच, लॅपटॉपवर, अर्जातलं ‘राखण’ खोडून ‘लागवड’ केलं. जागा : अकरा हेक्टर, मोकळी. पैसे आले की त्यातून राखणदारांचं बघता येईल. लवचिकपणा ह्यालाच म्हणतात.

२९ मार्च
मंजूर! बारा लाख! मागितले त्याच्या चौपट. चितळ्यांकडे रांग लावून पेढे आणले. सौ.ने विचारलं, मोकळी जागा आहे कुठे पण? म्हटलं, ती तांत्रिक बाब आहे. तिने पेढा घेतला नाही. शुगर असावी.

१८ मे
कंपनीच्या ठेकेदाराचा साइटवरून फोन. इथे तर सगळी झाडंच आहेत, काय करू? म्हटलं, कागदावर आहे तशी जागा करून घ्या. म्हणजे पालापाचोळा काढा, असा माझा अर्थ होता. तो इथे नोंदवून ठेवतो.

५ जून
पर्यावरण दिन. दहा हजार रोपं, बॅनर, टोप्या. मी चिखलात उतरलो नाही, गुडघा. जागा फारच मोकळी दिसत होती. साईनाथ आडवा आला म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी त्याला मारलं, असं कानावर आलं. चौकशी करायला हवी. सुंदराबाई फोटोत आल्या नाहीत. बांधावर उभ्या होत्या. लांबूनच नमस्कार केला, त्यांचं लक्ष नसावं.

२ जुलै
साईनाथची चौकशी राहिली. अहवाल बाइंडिंगला दिला. ‘नंतरचा’ फोटो मुखपृष्ठावर.

६ ऑगस्ट
अमावास्येचं उधाण आलं. दहा हजार रोपं एका भरतीत गेली. पाणी अडवायला काही नव्हतंच, ते सरळ शेतात. लावलेलं भात जळालं. सुंदराबाईंचं आणि आणखी चौदा घरांचं. जमीन गोडी व्हायला तीन-चार वर्षं लागतात म्हणे.

सलोनी मॅडमना कळवलं. म्हणाल्या, वाईट झालं, पण आता साइट खरोखर मोकळी आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

संध्याकाळी सुंदराबाईंचा फोन. ओरडल्या नाहीत. विचारलं, साहेब, जागा मोकळी आहे असं कुणी लिहिलं? टायपिंगची चूक म्हणालो. मग म्हणाल्या, तुम्हाला पैसे मिळाले नसते तर बरं झालं असतं.

मीच लिहिलं होतं.

सौ.ने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, आभार मानले.