घरघरीमागचा आवाज

४ फेब्रु.
मलकापूरहून पाटणला आले. कॉलेजला तीन दिवस रजा टाकलीय. महिनाभर वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, हॅम रेडिओ असून नसल्यासारखा. शेजारच्या उसात सोलर पंप बसलाय, तो सुरू झाला की रेडिओत नुसती घरघर. सांगलीचे त्यांचे मित्र भूपालकाका रोज सकाळी नऊला त्यावरून बोलतात. अण्णा हवालदार असताना एका पुरात दोघांनी रेडिओवरून निरोप पोचवले, तेव्हापासूनचा नेम. आता आवाज येतो, शब्द कळत नाहीत.
"फोन करा की."
"फोन त्यांची सून उचलती. बरे हायत म्हणती, ठेवती. मला त्यांच्याशी बोलायचंय."

५ फेब्रु.
दुसरी अँटेना पंपाजवळ रोवली. तिनं फक्त घरघर पकडायची, लॅपटॉपनं तेवढी अण्णांच्या रेडिओतून वजा करायची. घरघर सारखी बदलते, तसा लॅपटॉपमधला हा फिल्टरही स्वतःला बदलत जातो. दहा वर्षं हेच फळ्यावर शिकवतेय. स्वतःच्या हातानं आज पहिल्यांदा.
नऊ वाजता लावलं. घरघर गेली. काकाही गेले.
अण्णा म्हणाले, "लय साफ केलंस." हसले नाहीत.

दुपारी चूक सापडली. दुसऱ्या अँटेनालाही काका ऐकू येत होते. फिल्टरनं त्यांनाही कचऱ्यात धरलं. लांब तार काढली, तारेचं छोटं वेटोळं पंपाच्या पेटीलाच चिकटवलं, म्हणजे त्याला फक्त पंपच ऐकू येईल.

६ फेब्रु.
नऊ. काका आले. स्वच्छ. पण शब्द ओढत, जीभ जड.
"हव... हवालदार, ऐकू... येतंय?"
अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "अजून खराबी हाय. वाढव जरा."
उगाच आकडे बदलले. काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. 
अण्णा मात्र पंधरा मिनिटं बोलत होते. ऊसतोड, गुडघा, म्हैस. प्रत्येक गोष्ट दोनदा, सावकाश. मध्ये काका हसले. हसणं नेहमीचंच.

७ फेब्रु.
परसात जाऊन काकांच्या सुनेला फोन केला. संक्रांतीच्या आठवड्यात अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू. "हवालदारांना सांगायचं न्हाई म्हणाले. पाटणला घरघर हाय तवर बरं हाय, कळणार न्हाई, म्हणायचे."
म्हणजे झटक्यानंतरही ते रोज बोलत होते, इकडं शब्द कळत नाहीत म्हणून.
आणि मी दोन दिवस खपून तीच घरघर काढली.

दुपारची एसटी आहे. बॅग भरली. अण्णा ओसरीवर बसलेले, चहा तसाच.
"आजबी त्यांचा आवाज तसाच हुता, बाय. खरं सांग. दोष फिल्टरात हाय न्हवं?"
बॅग खाली ठेवली. त्यांच्याजवळ जाऊन बसले.