मळणीचं गाणं

भवानी पेठ, सोलापूर
शुक्रवार

प्रिय सोमेश,

अनेक आशीर्वाद. आईचं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते, माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात तेवढेच. फोन हाताशी असताना ही बाई कागद का खरडत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर हल्ली तू "आई, मीटिंग आहे, नंतर करतो" म्हणतोस, मी "बरं बाळा" म्हणते आणि आपण दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. कागदावर तसं सुटता येत नाही. पत्र आपल्या गल्लीतल्या नागव्वाच्या जावयाच्या हाती देतेय. तो उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालाय, तुझ्या दारात आणून देईल.

गड्ड्याची जत्रा भरलीये. पाळणे उभे राहिलेत, गल्लीत सगळीकडे तिळाचा वास आहे. नागव्वानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दिली, "सोमूला धाड" म्हणाली. तेही सोबत आहे, बघ. दरवर्षी मी शाळेची सगळी पोरं घेऊन जत्रेला जायची. एकमेकांचे शर्ट धरून ती रांगेनं चालायची आणि लोक थांबून बघायचे. यंदा नेलं नाही. यंदा मी दुपारीसुद्धा दाराला आतून कडी घालते. शेजारच्यांना ते दिसतं, पण कुणी विचारत नाही.

तू दिवाळीत आलास तेव्हा शाळा कशी होती ते आठव. चनबसप्पांच्या त्या शेडमध्ये कधीकाळी यंत्रमाग होते. माग भंगारात गेले आणि फरशीत बोल्टची भोकं राहिली. पोरं त्या भोकांत खडू लपवायची. मी निवृत्त झाले त्या वर्षी मागच्या गोदामात भंगार निवडायला ही ब्रह्मदेशातली कुटुंबं आली. घरं जळाली म्हणून देश सोडलेली, मग कितीतरी वर्षं हैदराबादेत झोपड्यांत राहिलेली. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित कार्डं होती, पण कुठल्याच शाळेला ती पुरेशी वाटत नव्हती. पोरं दिवसभर तारा आणि बाटल्या निवडत बसायची. मी त्यांना पाटीवर 'क' काढायला बसवलं, एवढंच. पुढचं गल्लीनंच केलं. या पोरांना हैदराबादेमुळे तेलुगू येतं हे कळल्यावर आपल्या समोरच्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर बायका लेकीबाळी सापडल्यासारख्या धावत आल्या. आपली पोरंही त्यांच्याबरोबर येऊन बसायला लागली. मायाक्का खिचडी शिजवायची, भंगारवाल्यांच्या बायका तांदूळ निवडायच्या, आणि भात मोकळा हवा की गिचका यावरून रोज भांडण. ज्या दिवशी भांडण नसेल त्या दिवशी मला चुकल्यासारखं वाटायचं.

आणि तस्मिदा. तुझ्या मागेमागे फिरणारी, पुढचे दात पडलेली. तिनंच तुला 'सोमेशमामा' केलं. तिच्या वडिलांना, रशीदुल्लाला, तू भेटला होतास. हसताना तोंडावर हात धरणारा उंच माणूस. गावाकडे त्यांची भाताची शेती होती. भात झोडताना म्हणायचं गाणं त्यानं पोरांना शिकवलं होतं. हातात पेंढी धरल्यासारख्या मुठी वर न्यायच्या, ओरडायचं, आणि दाणकन खाली आणायच्या. तू ते मोबाईलवर घेतलंस. गाणं संपल्यावर तस्मिदानं तुला सांगितलं, "मामा, हे भात झोडायचं हाय. दाणा पडला की पोट भरतं." नागव्वा दारातूनच म्हणाली, "अगं यव्वा, आमच्यातबी मळणीला असंच वरडत्यात की!" मग तिनं कानडीत सुरू केलं आणि पोरांनी त्यावरही मुठी आपटल्या. तू तो व्हिडिओ स्टेटसला ठेवलास. खाली लिहिलंस, 'माझ्या आईची शाळा.' मी ते नागव्वाला दाखवलं, मायाक्काला दाखवलं, चनबसप्पांना तर दोनदा दाखवलं. एवढा अभिमान मला तुझ्या नोकरीचाही वाटला नव्हता.

तू गेल्यावर काही दिवसांनी इस्त्रीच्या कपड्यांतला एक अनोळखी माणूस शेडच्या दारात येऊन उभा राहिला. फार अदबीनं बोलला. किती पोरं येतात, कुठून येतात, त्यांचे बाप कामाला कधी जातात. मी शिक्षिका, विचारलं की सांगायची सवय. सगळं सांगितलं. तो "छान चाललंय" म्हणाला आणि गेला. त्यानंतर आपल्या गल्लीतली पोरं एकेक करून येईनाशी झाली. कुणाला ताप, कुणाची मावशी आलेली. समोरची एक तरी खरं बोलली. "बाई, तुमचं काम चांगलं हाय, म्या न्हाई म्हणत न्हाई. पण पोरगं माझं हाय." मायाक्काच्या घरातूनही विरोध झाला. ती मागच्या बोळानं यायला लागली, पदराखाली पळी लपवून. स्वयंपाकाला येणारी बाई पळी लपवते, सोमेश.

एका सकाळी मी आत पाढे घेत होते. बाहेर पोरांच्या चपला नेहमीसारख्या विखुरलेल्या होत्या. सुट्टीला दार उघडलं तर सगळ्या चपला जोडीनं, सरळ रेषेत लावलेल्या. टोकं रस्त्याकडे. आमच्या पाढ्यांच्या आवाजात कुणीतरी दाराशी बसून, निवांत, एकेक जोड जुळवला होता. पोरांना गंमत वाटली. "बाई, कुणीतरी चपला लावून दिल्या!" म्हणून नाचायला लागली. तस्मिदा नाचली नाही. तिनं आपल्या चपला उचलून छातीशी धरल्या आणि अनवाणीच घरी पळाली. त्यांच्या गावात घरं जळायच्या आधीही कुणीतरी असं काहीतरी करून गेलं होतं, हे तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. काय केलं होतं ते मात्र सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात चनबसप्पा घरी आले. चहा घेतला नाही. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी मोबाईल पुढे केला. तुझाच व्हिडिओ होता, पण एवढासा. पोरं कुणाला न कळणाऱ्या भाषेत ओरडतायत, मुठी वर गेल्यात, आणि तिथंच संपला. मुठी खाली येतच नाहीत. तस्मिदाचं बोलणं नाही, नागव्वाचं हसणं नाही. मागे भिंतीशी रशीदुल्ला टाळ्या वाजवत उभा आहे, त्याच्या तोंडाभोवती लाल गोल काढलेला. वर लिहिलंय, 'सोलापुरात पोरांना हे शिकवतायत. जागे व्हा.' मी म्हटलं, अहो, हे भात झोडायचं गाणं आहे. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय की बाई. तुमीच तर दाखवलंवतं. पण मी कुणाकुणाला सांगू? वैरागला माझ्या मेव्हण्याकडंबी गेलाय हा. शेड मोकळी करा म्हणत न्हाई मी. पण माझंबी दुकान हाय हितं." उठताना त्यांनी मला हात जोडले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात जोडले नव्हते.

मी तशीच दिग्विजयच्या मोबाईलच्या दुकानात गेले. व्हिडिओ ज्यावर आला तो गल्लीचा ग्रुप तोच चालवतो हे मला ठाऊक होतं. दहावीला तुझ्याबरोबर आपल्या ओसरीवर अभ्यासाला बसायचा, माझ्या हातचं जेवायचा. त्यानं मला स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. म्हणाला, "काकू, मी फक्त पुढं पाठवला. कापला कुणी ते मला ठाऊक न्हाई. पण आता तुमी शाळा बंद करा. बाहेरची पोरं लई तापल्यात, मी किती दिवस आवरणार?" मी म्हटलं, तुला ती पोरं माहीत आहेत, तू त्यांना पतंग दिलेस. तो काउंटर पुसत राहिला. मग अगदी प्रेमानं म्हणाला, "काकू, सोमेशला सगळं म्हाईत हाय. मी त्याला तवाच फोन केलावता. त्यानं लगेच स्टेटस काढून टाकलं. शाना हाय तो. आईला सांगू नको म्हणला, उगाच घाबरंल."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. मला तुझा राग आला नाही, हे तुला खरं वाटणार नाही. तुझी नोकरी, तुझ्या घराचे हप्ते, ऑफिसातली माणसं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मला फक्त तुझे ते सगळे फोन आठवले. 'मीटिंग आहे' म्हणताना तुझा आवाज किती खाली जायचा, ते आता ऐकू येतं.

पुढचं ऐक. मागच्या शनिवारी पोलिसांनी गोदामातल्या सगळ्या पुरुषांना चौकशीला बोलावलं. कार्डं बघून संध्याकाळी बाकीचे सोडले, रशीदुल्लाला ठेवून घेतलं. तो लाल गोलातला. लहान पोरांना भडकवतो, असा आरोप त्याच्यावर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं बरीचशी कुटुंबं हैदराबादेकडे निघून गेली. मी स्टेशनवर गेले होते. पोरांनी पाट्या बरोबर घेतल्या होत्या. जाताना कुणी रडलं नाही, मोठ्यांनी नाही आणि लहानांनीही नाही. निघून जायचा त्यांना सराव आहे, हे मला त्या फलाटावर कळलं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

तस्मिदा आणि तिची आई गेल्या नाहीत. माणूस आत असताना बाई कुठं जाणार? त्यांच्या खोलीला दुसऱ्याच कुणीतरी कुलूप घातलं. त्या माझ्याकडे आहेत. तुझ्या खोलीत. तुझ्या कॅरमवर तस्मिदा एकटीच खेळते, दोन्ही बाजूंनी. तिची आई खिडकी उघडू देत नाही. काल भाजीवालीनं गाडा आपल्या दारापुढून न थांबता पुढे नेला. परवा कुणीतरी आपल्या उंबऱ्याबाहेर माझ्या चपला लावून ठेवल्या होत्या. त्या आत घेताना समोरच्या गॅलरीत दोघं उभे दिसले. एकानं मला नमस्कार केला. रविवारी समाजमंदिरात गल्लीची बैठक आहे. विषय आपलं घर आहे, असं नागव्वा सांगून गेली. ती अजून येते. "मला काय करत्यात, म्या म्हातारी" म्हणते, पण आल्यावर खुर्ची दाराकडे तोंड करून घेते.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. सोमवारी रशीदुल्लाला पुन्हा कोर्टात उभं करणार आहेत. वैष्णवी नावाची एक तरुण वकील त्याच्या बाजूनं उभी राहतेय. ती म्हणते, पूर्ण व्हिडिओ हवा, ज्या फोनवर घेतला तो फोन हवा, आणि ज्यानं घेतला तो माणूस समोर येऊन बोलायला हवा. मी सांगून चालणार नाही, मी शाळेची बाई, माझं कोण ऐकणार. म्हणजे तू हवास. तू स्टेटस काढलंस तेव्हा फोनमधलंही पुसलंस का, मला माहीत नाही. पुसलं असशील तरी ये. तुझ्या डोळ्यांनी ते पाहिलंय, तुझ्या कानांनी ऐकलंय. आलास तर गल्लीत येऊ नकोस. स्टेशनवरून थेट कोर्टाच्या आवारात जा, वैष्णवीचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. तुला तिकडे पुण्यालाच राहू द्यावं असं मला वाटत नाही, असं समजू नकोस. हे पान मी सकाळपासून दोनदा फाडलं. मगाशी दिग्विजय दारात येऊन गेला, बैठकीचं सांगायला. जाताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "सोमेश येणार हाय का काकू?" पाठीमागे तस्मिदा उभी होती, तीही ऐकत होती. मी म्हटलं, नाही, तो नाही येणार. तो हसला, "बरं झालं" म्हणाला. तस्मिदा आत गेली. सोमेश, तुझ्या आईला त्या पोरीसमोर खोटी पाड.

तुझीच,
आई