तीन रंगांचे चमचे

प्रिय आई,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. सोमवारी सकाळी नीनी अंगात ताप घेऊनच आली आणि तिच्यामुळे चिउंच्या जुळ्यांना लागण झाली, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं. काल मी रोजची वही काढून पाहिली. सोमवारी सकाळी आठला नीनीचा ताप मी स्वतः मोजला आहे, छत्तीस पॉइंट आठ, म्हणजे ताप नव्हताच. दुपारी झोपून उठली तेव्हा अडतीस पॉइंट चार. जुळ्यांना त्याच संध्याकाळी ताप भरला आणि मंगळवारी तिघांच्याही तळहातांवर एकसारखे फोड होते. डॉक्टर म्हणाले होते की हा आजार अंगात शिरला की दिसायला तीन-चार दिवस तरी लागतात. म्हणजे तो एकानं दुसऱ्याला दिला नाही. तिघांनीही तो एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घेतला. हे मला त्या मंगळवारीच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला वही उघडायचीच नव्हती.

सात दिवस पाळणाघर बंद ठेवलं. करारातलं सातवं कलम तुझंच आहे, मी फक्त ते कागदावर आणलं. आजार ज्या घरातून आला त्या घरानं बंद दिवसांचे पूर्ण पैसे द्यायचे, बाकीच्यांनी काही द्यायचं नाही. आणि आपल्या घरातून आला तर कुणाकडूनच घ्यायचे नाहीत. तीस वर्षं तू हे तोंडी चालवलंस आणि कुणी हुज्जत घातली नाही. मला वाटायचं, याहून न्यायाचं दुसरं काय असणार. गेल्या वर्षी टाइप करून सह्या घेतल्या तेव्हा मला अभिमानही वाटला होता.

नीनीची आई शहरातली बस चालवते हे तुला आठवत असेल. गणवेशातच मुलीला न्यायला येते. सात दिवस तिनं बिनपगारी रजा घेतली आणि वर मला चार हजार दोनशे युआन दिले, लाल पाकिटात घालून, जणू काही शुभकार्य आहे. बरोबर लिचीची जुडी. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण मुलांच्या सवयीनं मला मावशीच म्हणते. “मावशी, माझ्यामुळे तुमचे सात दिवस बुडाले,” म्हणाली आणि मान वर केली नाही. मी पाकीट घेतलं. लिची अजून फ्रीजमध्ये आहेत, साली काळ्या पडल्यात, खाववत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

पाळणाघर पुन्हा उघडलं त्या मंगळवारी जिन्यात जुळ्यांच्या चिउ आजी भेटल्या. नीनीची आई बूट काढत होती. आजी माझ्याकडे बघूनच बोलल्या, पण आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला असेल. “पेइयुन, तू फार भोळी आहेस गं. दिवसभर हिच्या बसमध्ये शंभर माणसं चढतात-उतरतात, घरी काय काय घेऊन येत असेल कोण जाणे.” नीनीची आई म्हणाली, “आजी, मी हात दोनदा धुते हो, गाडीतून उतरल्यावर.” “तू धुतेस गं बाई, पण बस कोण धुतं?” यावर मी हसले, आई. वाद मिटावा म्हणून हसले, पण नीनीच्या आईनं ते हसणं पाहिलं. संध्याकाळी तिचा निरोप आला. महिनाअखेरीला नीनीला काढते, बस डेपोजवळ एक बाई आहे, तिच्याकडे सात मुलं असतात, तिथे जागा मिळाली. एकटीला एवढ्या मुलांची परवानगी मिळत नाही, म्हणजे ती बाई नोंदणी केलेली नसणार, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. “कमी पैशात होईल आणि कुणाला त्रास नको,” असं तिनं लिहिलं होतं. नीनी आता कुठे माझा कान न धरता झोपायला लागली आहे.

त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन आला, सणाचे पानात बांधलेले भाताचे पुडे उरलेत का विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, “आईंचं तोंड आता बरं आहे हं. आमच्या बोवेनचा अख्खा वर्ग आठवडाभर घरी बसला होता, त्याच्या हातापायांवर हे एवढे फोड. आई त्याच्याजवळच झोपायच्या, तुझ्याकडे यायला निघाल्या त्या दिवसापर्यंत. त्यांनी सांगितलं नाही तुला?” मी म्हटलं, सांगितलं होतं. का म्हटलं, मला माहीत नाही. तोंडातून आपोआप तेच आलं.

तू गुरुवारी आलीस. आरशासमोर उभी राहून गालाच्या आत ती पांढरी पूड लावत होतीस आणि म्हणालीस, पुड्यांसाठी शेंगदाणे चाखून चाखून उष्णता झाली. मग दुपारी मुलांना पेज भरवायला बसलीस. मी तिघांचे तीन चमचे काढून ठेवले होते, लाल, पिवळा, निळा. तू ते बाजूला सारलेस. “तीन चमचे कशाला गं, मुलं आहेत की पाहुणे?” एक वाडगा, एक चमचा, प्रत्येक घास आधी ओठांना लावून गरम आहे का पाहायचा आणि मग पाळीपाळीनं तीन तोंडांत. तिघंही चिमणीच्या पिलांसारखी आ करून बसली होती. माझ्या हातून जुळी एका वेळी इतकं कधी खात नाहीत. मी दारातून पाहिलं आणि शेगडीकडे वळले. शेगडीवर काहीच नव्हतं. तुला थांब असं कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही, कारण शिकवणारी तूच होतीस.

मी आठ वर्षांची असताना मला कांजिण्या आल्या होत्या. तुझ्याकडे तेव्हा सांभाळायला चार मुलं होती. तू मला नऊ दिवस माळ्यावर ठेवलंस आणि त्यांच्या आयांना सांगितलंस की पेइयुन मामाकडे गेली आहे. मी चटईवर पालथी पडून फळ्यांच्या फटीतून खालचे आवाज ऐकायचे, खोकला आला की उशीत तोंड दाबायचे. तू दर दोन तासांनी पेज घेऊन वर यायचीस, ओठांना लावून बघायचीस आणि भरवायचीस. मी तुला दोष देत नाही. बाबा तेव्हा नव्हते, आणि तुझ्याच नियमानं ते दिवस पूर्ण बुडाले असते. पण काल वही मिटताना लक्षात आलं की पाळणाघराचा पहिला धडा मी त्या माळ्यावर घेतला. आजार आला की आधी तो कुठे ठेवायचा ते बघायचं. आपल्या कलमानं तोच धडा सगळ्यांना दिला आहे. ज्याच्या घरातून आला त्यानं भरायचं असेल, तर सकाळी तापाचं औषध पाजून मूल आणून सोडणारी आई काही वेगळं करत नाही.

म्हणून मी सातवं कलम नव्यानं लिहिलं. आजारामुळे बंद ठेवावं लागलं तर प्रत्येक घरानं अर्धे पैसे द्यायचे, आजार कुठून आला हे कुणी विचारायचं नाही. त्याखाली एक ओळ घातली होती, माझ्या घरातून आला तर मी काहीच घेणार नाही. ती दोनदा खोडली आणि दोनदा परत लिहिली. शेवटी खोडलेलीच ठेवली. ती ठेवली तर पहिली लपवणारी मीच होईन. या वेळच्या सात दिवसांना मात्र जुनाच करार लागू आहे, त्यावर माझी सही आहे. लाल पाकीट जसंच्या तसं परत जाईल.

पैसे परत करणं सोपं आहे. नीनीच्या आईच्या नावावर जे लागलंय ते तसं निघणार नाही, त्यासाठी चिउ आजींसमोर बोलावं लागेल. मी आधी ठरवलं होतं की ‘एक पाहुणे आले होते’ एवढंच म्हणायचं. पण त्या आठवड्यात आपल्याकडे कोण आलं होतं हे आजींना माहीत आहे. तुम्ही दोघी बाजारात पुड्यांची पानं निवडायला बरोबर गेला होतात, त्या तुला ताई म्हणतात. आणि अर्धवट सांगितलं तर त्या पुन्हा बसवरच येतील. म्हणून मी तुझं नाव घेणार आहे, आई, आणि शेगडीकडे वळले होते तेही सांगणार आहे. जुळी जातील कदाचित. नोंदणी कार्यालयातही जाब द्यावा लागेल. पण तुला हे चिउ आजींच्या फोनवरून कळू नये, इतकंच मला हवं होतं. तुला फोन केला असता तर तू मला वाक्य पूर्ण करू दिलं नसतंस, आणि मी थांबले असते. दोन्ही घरांना मी बोलावलं आहे. तुला यायचं असेल तर ये, दार तुझंच आहे. रविवारी, पंधरा जूनला, दुपारी तीन वाजता.

तुझ्याच हाताखाली शिकलेली, तुझीच,
पेइयुन