मक्यावर चढलेला घेवडा

आवडी, चेन्नई
५ सप्टेंबर २००४

प्रिय रुचा,

तू दिलेल्या मक्याचं पहिलं कणीस परवा काढलं. मी धंद्यातला माणूस, कॉस्टिंग केल्याशिवाय मला चैन पडत नाही, तेव्हा आधी तेच सांगतो. या एका कणसाला काय लागलं? या दुष्काळात टँकरच्या लॉरीतून आमच्या वाट्याला येणाऱ्या पाण्यातला निम्मा भाग, शेजारच्या रिटायर सुभेदारांशी त्याच पाण्यावरून झालेलं भांडण (ते अजून माझ्याशी बोलत नाहीत), माझी कंबर, आणि तुझ्या आईची सगळी सकाळची झोप. समुद्रावर गाडीवाला भाजून, तिखट-मीठ चोळून देतो ते कणीस दाण्यांनी गच्च भरलेलं असतं. आपलं सोललं तर आत म्हाताऱ्याचं बोळकं. इथे दोन दाणे, तिथे तीन, बाकी हिरड्या. आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, तुमच्या घराण्यातलं कुणीतरी हसतंय.

तुझं पत्र मिळालं. आईसाठी तुझी किडनी जुळत नाही, असं डॉक्टरांनी जूनमध्ये तुला फोनवर सांगितलं, तेव्हापासून तू तुटक बोलतेस हे माझ्या लक्षात आलं होतं. आता तू लिहिलंस की दोनदा दिवस राहून गेले, आणि आता हीही परीक्षा नापास, बाबा, माझ्या शरीरात काही धड आहे का? ते वाचून मी कारखान्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. फोनवर याचं उत्तर देता येत नाही. रविवारी घंटी वाजली की तुझी आई पहिली उठते, आणि मी बोलत असलो तर शेजारी बसून राहते. म्हणून लिहितो आहे. उत्तर देणार आहे, पण माझ्या वाटेने येऊ दे.

मे महिन्यात तपासण्यांसाठी आलीस तेव्हा तू बियांच्या तीन पुड्या आणल्या होत्यास. आईच्या खुर्चीसमोर बसून तू समजावलंस की अमेरिकेतले मूळचे लोक हे तिघं एकत्र लावतात. मका उभा राहून घेवड्याला आधार देतो, घेवडा जमिनीला खत देतो, आणि भोपळा खाली पानं पसरून ओल धरून ठेवतो. मी म्हटलं होतं, कागद न करता केलेली तीन जणांची भागीदारी मी आयुष्यात टिकलेली पाहिली नाही. तू हसलीस. आई म्हणाली, यांनी स्वतःच्या सावलीशीसुद्धा भागीदारी केली नसती, ती अर्धी जागा घेते म्हणून.

तू गेल्यावर मी लागलो कामाला. आणि लेथवर काम करणारा माणूस जे करणार तेच केलं. दोरी धरून भिंतीलगत एक सरळ ओळ आखली. तिघांना रोज वेगळं पाणी घालायला नको म्हणून तिन्ही बिया एकाच दिवशी, एकाच भोकात. यंत्राच्या भोकात बुश बसवावेत तशा बसवल्या. घेवडा भराभर वर आला, मका अजून बोटभर होता, त्याच्याच गळ्यात हात टाकून घेवड्याने त्याला लोळवलं. सगळी ओळ आडवी. तुझी आई खुर्चीतून म्हणाली, आधी घर उभं राहू द्यायचं असतं हो, मग भाडेकरू ठेवायचा. मग उरलेल्या बिया तू सांगितल्याप्रमाणे लावल्या. मका ओळीत नाही, चौकोनात, म्हणजे एकाचा पराग दुसऱ्यावर पडेल. तो वीतभर झाल्यावर घेवडा. घेवड्याने पकड घेतल्यावर भोपळा.

आता ते उभं आहे. घेवडा पार तुऱ्यापर्यंत चढला आहे, भोपळ्याच्या पानांखाली हात घातला तर माती खरंच गार लागते. इतकं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. भोपळ्याला आलेली फुलं सगळी नर. घेवड्याच्या शेंगा उन्हाने वाकड्या. दोन भिंतींच्या मधे वारा शिरत नाही, पराग उडत नाही, म्हणून तुझी आई सकाळी उजाडायच्या आत खुर्ची टाकून बसायची आणि छत्रीच्या टोकाने तुरे हलवायची. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, त्या दिवशी तुऱ्यांना सुट्टी. कणसाला दात का आले नाहीत ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

त्यात तिला त्यातलं काही खाताही येत नाही. आहारवाल्या बाईंनी सांगितलंय, क्षार निघून जावेत म्हणून भाजी चिरून भिजवायची, उकळायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं. ते फेकायचं पाणी मी गार करून भोपळ्याला घालतो. दिवसाला तिला मोजून पाणी, आणि तिच्या डोळ्यांसमोर मी मक्याच्या बुडात तांब्या ओततो. एकदा म्हटलं, बंद करतो हे. ती म्हणाली, घाला हो. मला पिता येत नाही, निदान पिताना बघू तरी द्या.

तू म्हणशील बाबा वाट लांबवतायत. लांबवतोय खरा.

माझे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून येताना कुठल्या लेथचं बेअरिंग जाणार ते मला ऐकू येतं. सत्तर साली विट्याहून या गावात आलो तेव्हा हातात फक्त आयटीआयचा कागद होता. खरेदीवाले साहेब माझ्यासमोरच एकमेकांत तमिळमध्ये शेवटचा भाव ठरवायचे. या मराठी पोराला काय कळणार, म्हणून. मी सहा महिन्यांत सगळं समजू लागलो, आणि पुढची दोन वर्षं त्यांना कळू दिलं नाही. त्याच कानांवर हे घर बांधलं. आजवर मला 'नाही' म्हणून कुणी खुर्चीतून उठलेलं नाही. उशीर लावला असेल, पण शेवटी हो म्हणूनच उठले.

ऑगस्टच्या मध्याला एक दिवस वीज गेली म्हणून दुपारीच घरी आलो. हातपाय धुवायला मागच्या टाकीच्या नळापाशी गेलो. मक्याच्या पलीकडे तुझी आई आणि तुळसीअक्का बसल्या होत्या. समोरच्या घरातल्या, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, तुला लहानपणी दोसे घालणाऱ्या त्याच. मधे घेवड्याचा पडदा, त्यांना मी दिसलो नाही. अक्का त्यांच्या त्या जुन्या मराठीत विचारत होत्या की लेकीचे रिपोर्ट आणखी कुठल्या मोठ्या डॉक्टरला दाखवलेत का. तुझी आई म्हणाली, दाखवायचं काय अक्का, सगळं जुळतंय. डॉक्टर म्हणाले, अम्मा, इतकं चांगलं जुळणारं क्वचित मिळतं. मी त्यांना म्हटलं, मला लेकीची नकोय. तिला नुसतं नको सांगितलं तर ती येऊन धरणं धरील, म्हणून जुळत नाही असं सांगा. डॉक्टर तयार नव्हते. मी म्हटलं, मग मी डायलिसिसलाही येत नाही. तेव्हा तयार झाले.

मग तुझी आई तिच्या त्या आवाजात म्हणाली, ज्या आवाजात ती चेष्टा करते, की नाशिकला लेकीच्या घरी गेले तर मी माझं पाणी घेऊन जाते. तिच्या मांडीवर मूल आल्याशिवाय तिथलं पाणी प्यायचं नाही, आमच्यात रीत आहे. पाणी घेत नाही, आणि किडनी घेऊ? दोनदा गेलंय तिचं. तिसऱ्यांदा गेलं तर ती म्हणेल नशीब, पण मी काय म्हणू? अक्कांनी विचारलं, यजमानांना सांगितलंस? ती म्हणाली, त्यांना सांगितलं तर ते माझ्याशी भाव करत बसतील.

नळ मी तसाच चालू ठेवला होता, रुचा. या दुष्काळात.

त्याच संध्याकाळी मी तिच्यासमोर बसलो. आणि तिने म्हटलं तेच केलं. डॉक्टरांना विचारून आलो होतो, एका किडनीवर बायकांची बाळंतपणं नीट होतात, हे सांगितलं. ती म्हणाली, बायकांची होत असतील, माझी लेक एकच आहे. मी म्हटलं, माझा रक्तगट जुळला असता तर घेतली असतीस ना? म्हणाली, तुमचं तर मी लग्नापासून घेतेच आहे. इस्पितळाच्या कँटीनमध्ये एक सोनेरी चष्म्याचा गृहस्थ भेटतो, कुठल्याशा गरीब बाईची मिळवून देतो म्हणाला. मी तेही बोललो, लाज सोडून बोललो. तुझ्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाय पोटाशी घेतले. दुसऱ्याची लेक स्वस्त असते का, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी रागावून पाहिलं. त्यानंतर जेवलो नाही. तिने माझं ताट झाकून ठेवलं, त्यावर फडकं टाकलं, आणि झोपून गेली. मग मी रडलो. तेव्हा ती उठून शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली, मूल रडतं तेव्हा फिरवतात तसा, आणि मुद्दा जिथल्या तिथे.

डायलिसिसने अलीकडे तिला फार गळून जायला होतं. परवा सुई लागेना, हात काळानिळा झाला आहे. डॉक्टर आता किती वर्षं यावर बोलत नाहीत, किती बरं वाटतंय तेवढंच विचारतात. एवढी वर्षं मी लोकांचं न बोललेलं ऐकत आलोय, तेव्हा मला ते समजतं.

तर पोरी, हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं. तुझ्या शरीरात काही खोट नाही. तुझं सगळं जुळलं होतं, डॉक्टरांच्या भाषेत क्वचित जुळतं तितकं. तिने मला शपथ घातली आहे की तुला कळता कामा नये, ती मी मोडतो आहे, कारण तू स्वतःला नापास समजत नाशिकला बसावंस हे मला सोसवत नाही. जावयांना, मकरंदरावांना, वाचून दाखव. यायचं असेल तर ये, भांड तिच्याशी, मी अडवणार नाही. पण आशा धरून येऊ नकोस. तीन आठवडे मला येतं तेवढं सगळं मी करून पाहिलं. ती नाही म्हणते.

तुझाच,
बाबा